क्रत्वर्थ आणि पुरुषार्थ : भूमिकाखेळातील यातुविधीच्या गृहनियमांविषयी

१

नियम आणि कल्पित यांचे नाते हा साहित्यसिद्धान्तातील एक जुना प्रश्न आहे. वृत्त, अंकरचना, निवेदकाला किती ठाऊक असावे यासंबंधीचे संकेत ही सारी नियमांचीच रूपे होत. परंतु लिखित साहित्यात हे नियम संहितेत मुरलेले असतात. समीक्षकाला ते वेगळे काढून दाखवावे लागतात. याच्या उलट, ज्यात नियम आधी छापले जातात आणि कथा मागाहून घडते असा एक कल्पितप्रकार १९७४ साली अमेरिकेत अवतरला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून ज्याचा प्रारंभ झाला, त्या ‘रोल-प्लेइंग गेम’ला येथे ‘भूमिकाखेळ’ म्हटले आहे. त्याची रचना थोडक्यात अशी : चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक संचालक असतो; इतर प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. पात्र काय करते ते खेळाडू बोलून सांगतो, त्यावर कल्पित जगाकडून काय प्रतिसाद येतो ते संचालक सांगतो, आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फासे टाकून निर्णय होतो. फाशांवर पडलेल्या दानाचा अर्थ कसा लावायचा, हे नियमग्रंथ ठरवतो.

हा नियमग्रंथ सहसा जसाच्या तसा पाळला जात नाही. खेळणारा गट छापील नियम गाळतो, वाढवतो, बदलतो. अशा आपल्यापुरत्या नियमाला इंग्रजीत ‘हाउस रूल’ म्हणतात. त्यासाठी ‘गृहनियम’ हा शब्द योजणे दोन कारणांनी सोयीचे आहे. एक तर तो मुळाशी जुळतो; दुसरे म्हणजे तो गृह्यसूत्रांची आठवण करून देतो, आणि ही आठवण पुढील विवेचनाला उपकारक आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकांचा समारोप वाचकांनी पुढचे आपल्या कल्पनेने रचावे, अशा आवाहनाने होतो. पाचच वर्षांनी, १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये, तेच गायगॅक्स खेळाच्या एकरूपतेचा आग्रह धरताना दिसतात. ग्रंथप्रामाण्य आणि आचार यांच्यातील ताण अशा रीतीने या प्रकाराच्या बाल्यावस्थेपासूनच त्यात आहे.

गृहनियम लढाईचे असतात, प्रवासाचे असतात, जखमा भरून येण्याचेही असतात. परंतु यातुविधी हे त्यांचे विशेष आवडते क्षेत्र आहे. ‘यातु’ ही संज्ञा लोकसंस्कृतीच्या मराठी अभ्यासकांनी ज्या अर्थाने रूढ केली त्याच अर्थाने येथे वापरली आहे. क्षणार्धात उच्चारला जाणारा मंत्र वेगळा, आणि काळ, द्रव्य, स्थान व बहुधा अनेकांचा सहभाग मागणारा विधी वेगळा, हा भेद गृहीत धरला आहे. अशा विधीविषयी गृहनियम करावासा का वाटतो आणि केलेला नियम कोणत्या निकषावर तपासावा, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय होत. नियम केवळ विधीची पूर्तता करतो की विधी करणाऱ्या माणसाला त्यात गुंतवतो, हा भेद अशा परीक्षणात निर्णायक ठरतो, असे येथील प्रतिपादन आहे.

२

गृहनियमाची गरज समजण्यासाठी छापील नियमाचे स्वरूप पाहावे लागते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील जादूचे प्रारूप जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतले आहे, हे गायगॅक्स यांनी उघडपणे मान्य केले होते. व्हान्स यांच्या जगात सूर्य विझत आला आहे, विद्या लोप पावत चालली आहे, आणि जादूगाराच्या मनात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात. मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. तेथे विस्मरण हा साऱ्या जगाचा धर्म असून जादूगाराचे विस्मरण त्या ऱ्हासाचे लहान प्रतिरूप आहे. खेळात हीच कल्पना आली तेव्हा तिच्यातील ऱ्हासाचा आशय गळून पडला आणि मोजदाद तेवढी उरली. पात्राने सकाळी ठरावीक मंत्र मनात भरावेत आणि दिवसभरात ते झाडून संपवावेत, असा हिशेब तयार झाला. रूपकाचे रूपांतर साठ्याच्या नोंदवहीत झाले.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की यांनी ट्रोब्रियंड बेटांवरील निरीक्षणांतून असे दाखवले होते, की शांत खाजणातील सुरक्षित मासेमारीला यातूची गरज भासत नाही. ती खुल्या समुद्रावरील धोक्याच्या मासेमारीला भासते. जेथे कौशल्य संपते तेथे यातू सुरू होतो. भूमिकाखेळात नेमके उलट घडते. तलवारीचा घाव लागला की नाही हे फाशांवर अवलंबून असते. मंत्र मात्र बहुधा आपोआप लागू होतो, फार तर समोरच्याला त्यातून वाचण्याची एक संधी मिळते. म्हणजे या जगात कौशल्य अनिश्चित आणि जादू खात्रीची आहे. जादू हेच तेथील तंत्रज्ञान होते, आणि गूढतेची अपेक्षा घेऊन आलेल्या खेळाडूला आपण गोदामात आल्यासारखे वाटू लागते.

विधीला वेगळे स्थान देण्याचे प्रयत्न मुद्रित आवृत्त्यांतही झाले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने लढाईतील शक्ती आणि विधी यांची स्पष्ट फारकत केली आणि विधींना वेळ व द्रव्यमूल्य नेमून दिले. मृताला परत आणण्याच्या विधीला तेथे आठ तास आणि प्रारंभीच्या पातळीवर ५०० सुवर्णमुद्रांची सामग्री लागते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी सुटसुटीत मार्ग काढला : काही मंत्रांवर ‘विधी’ अशी खूण केली, आणि ते सावकाश, म्हणजे नेहमीपेक्षा दहा मिनिटे अधिक घेऊन केल्यास मंत्रांच्या दैनंदिन साठ्यातून काही खर्च होणार नाही, असे ठरवले.

यातील दहा मिनिटे कोणाची, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथेचा काळ आणि कथनाचा काळ यांच्यातील प्रमाणांची जी मांडणी केली, तिच्या आधारे उत्तर स्पष्ट होते. दहा मिनिटे पात्राची जातात; खेळाडू फक्त ‘आम्ही विधी करतो’ एवढे म्हणतो. कथाकाळात विधी लांबला, पण कथनकाळात तो जवळजवळ शून्य झाला. ज्या विधीचा मर्म कालव्ययात आहे त्याला नियमाने कथनातून गाळून टाकले. आठ तासांचेही तेच होते, आणि सुवर्णमुद्रांचे तर अधिकच; कारण मुद्रा पात्राच्या थैलीतून जातात, आणि ती थैली म्हणजे कागदावरचा एक आकडा असतो.

३

या उणिवेवर उपाय म्हणून जे नियम सुचवले गेले, त्यांत दोन प्रवृत्ती ठळकपणे दिसतात. पहिली प्रवृत्ती प्रामाण्याची. तिचे सर्वांत लक्षणीय उदाहरण आयझॅक बोनविट्स यांचे ‘ऑथेंटिक थॉमटर्जी’ हे १९७८ मध्ये केऑसियम या प्रकाशनसंस्थेने काढलेले पुस्तक होय. बोनविट्स स्वतः यातुविद्येचे उपासक होते आणि १९७० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून त्यांनी ‘जादू’ या विषयाची पदवी मिळवली होती. खेळांतील जादू ही खऱ्या यातुविद्येशी विसंगत असते, ही त्यांची तक्रार. साधर्म्याचा नियम, संसर्गाचा नियम, नामाचा नियम अशा तत्त्वांच्या आधारे संचालकांनी आपापले खेळ सुधारून घ्यावेत, हा त्यांचा उपाय. यांपैकी साधर्म्य आणि संसर्ग ही तत्त्वे जेम्स फ्रेझर यांच्या मानवशास्त्रातून आलेली आहेत, हे उघड आहे. म्हणजे ज्याला अस्सल म्हटले आहे तेही ग्रंथातूनच आलेले आहे.

गंमत अशी, की १९८३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘बॉदर्ड अबाउट डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या विरोधी संघटनेचा आरोप याच्या नेमका उलट होता : हे खेळ मुलांना खरी काळी विद्या शिकवतात. एकाच्या मते खेळातील विधी पुरेसा खरा नाही. दुसऱ्याच्या मते तो भयावह प्रमाणात खरा आहे. परंतु दोघांचेही वाचन एकाच गृहीतकावर उभे आहे. खेळातील विधीचा अर्थ खेळाबाहेरील कुठल्या तरी विधीकडे निर्देश करण्यात आहे, असे दोघेही मानतात. साहित्यकृतीचे मूल्य वास्तवाशी असलेल्या जुळणीवर ठरवणाऱ्या समीक्षेचेच हे रूप आहे, आणि तिच्या मर्यादा नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी प्रवृत्ती मोलाची आणि जोखमीची आहे. २००४ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पर्यायी नियमांच्या संग्रहात दीर्घ मंत्रानुष्ठानांचा एक प्रकार दिला आहे. त्यात एकामागून एक कौशल्यचाचण्या द्याव्या लागतात आणि फसल्यास विधी उलटतो. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) या खेळात दैवी जादू मिळवण्यासाठी पात्राला आपल्या आत्मबलाचा अंश कायमचा अर्पण करावा लागतो. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’मध्ये (१९८७) विधीसाठी ‘विस’ नावाचे संचित यातुद्रव्य खर्चावे लागते. हा खेळ ऋतूंच्या हिशेबाने वर्षानुवर्षे पुढे सरकतो आणि तेच द्रव्य जादूगाराच्या विद्याभ्यासालाही उपयोगी पडते. त्यामुळे आज विधी केला तर उद्याचे अध्ययन हुकते.

ही तीन उदाहरणे एका पातळीवरची नाहीत. चाचण्यांची संख्या वाढवणारा नियम विधीला अधिक गुंतागुंतीचा करतो, इतकेच. आत्मबल मागणारा नियम पात्राच्या घडणीला हात घालतो. विस मागणारा नियम त्याही पुढे जातो. खेळाडूने पात्रासाठी मनात योजलेल्या भविष्याला तो हात घालतो. हा क्रम का महत्त्वाचा, हे सांगण्यासाठी एका जुन्या शास्त्राची परिभाषा हाती घ्यावी लागते.

४

फ्रिट्स स्टाल यांनी १९७५ मध्ये केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनाचा अभ्यास केला आणि पुढे ‘रूल्स विदाउट मीनिंग’ (१९८९) या ग्रंथात विधी म्हणजे अर्थनिरपेक्ष नियमांची रचना होय, असा सिद्धान्त मांडला. विधी करणारा माणूस कशाचे तरी प्रतीक साकारत नसतो. तो नियम बिनचूक पाळत असतो. भूमिकाखेळाच्या अभ्यासकाला हा सिद्धान्त प्रथमदर्शनी आकर्षक वाटेल, कारण खेळही नियमांनीच बनलेला असतो. परंतु स्टाल यांनी नियमाकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे नियम कोणासाठी या प्रश्नाकडे दिले नाही. त्या प्रश्नाचा काटेकोर विचार पूर्वमीमांसेने केला आहे.

जैमिनिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात क्रत्वर्थ आणि पुरुषार्थ असा भेद केला आहे. यज्ञाच्या अंगभूत गोष्टींपैकी काही यज्ञाच्या पूर्ततेसाठी असतात, त्या क्रत्वर्थ. काही यजमानाच्या इष्टासाठी असतात, त्या पुरुषार्थ. या दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण गोदोहनपात्राचे आहे. यज्ञात पाणी आणण्यासाठी एरवी चमस हे पात्र विहित आहे. परंतु ज्या यजमानाला पशूंची कामना असेल त्याने ते दूध काढण्याच्या भांड्यातून आणावे. पाणी आणण्याची क्रिया तीच, यज्ञ तोच. फक्त एक भांडे बदलते, आणि ते यजमानाच्या इच्छेमुळे बदलते. त्या एका भांड्याच्या वाटे माणसाची कामना विधीच्या चौकटीत शिरते. उत्तम गृहनियमाची व्याख्या करावयाची झाल्यास या दृष्टान्ताहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की मीमांसकांच्या दृष्टीने वेदविधी अपौरुषेय आहे आणि गृहनियम तर पूर्णतः माणसांनी टेबलाभोवती बसून केलेला आहे. मग ही परिभाषा येथे कशी लागू करावी? आक्षेप रास्त आहे, पण तो प्रामाण्याच्या प्रश्नापुरता मर्यादित आहे. नियम कोणी केला हा प्रश्न वेगळा आणि नियम कोणासाठी आहे हा वेगळा. प्रस्तुत विवेचनात मीमांसेकडून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत तेवढी घेतली आहे.

तथापि येथे ‘पुरुष’ कोण, हे ठरवावे लागते. गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) या ग्रंथात भूमिकाखेळातील सहभागी एकाच वेळी तीन चौकटींत वावरतो, असे दाखवले आहे : व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. या तीन चौकटी ध्यानात घेतल्या की मागील विभागातील उदाहरणांची उतरंड स्पष्ट होते. सुवर्णमुद्रा आणि वाढीव चाचण्या क्रत्वर्थ आहेत. त्या विधीला पुरा करतात, कोणालाही गुंतवत नाहीत. आत्मबलाचा त्याग पात्राला गुंतवतो. ऋतूंचा हिशेब खेळाडूला गुंतवतो. मग व्यक्तीला, म्हणजे टेबलाशी बसलेल्या प्रत्यक्ष माणसाला गुंतवणारा नियम शक्य आहे काय? आणि शक्य असल्यास तो इष्ट आहे काय?

५

असा एक गृहनियम अलीकडच्या काळात बराच प्रसिद्धी पावला आहे. मॅथ्यू मर्सर हे ‘क्रिटिकल रोल’ या २०१५ पासून प्रेक्षकांसमोर प्रक्षेपित होऊ लागलेल्या खेळाचे संचालक होते. त्यांनी पुनरुज्जीवनाच्या विधीसाठी केलेला नियम पुढे ‘टाल्डोरे कॅम्पेन सेटिंग’ (२०१७) या पुस्तकात छापला गेला. मूळ खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मृताला परत आणण्यासाठी ५०० सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा लागतो आणि एक तासाचा मंत्र लागतो. मृतात्म्याची परतण्याची इच्छा असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील तर यश निश्चित असते. मर्सर यांच्या नियमाने हिरा काढून टाकला नाही. त्याने विधीत एक नवे अंग घातले.

ते असे. विधीच्या वेळी मृताच्या सोबत्यांपैकी तिघांपर्यंत कोणीही पुढे येऊन आपले काही अर्पण करू शकतो : एखादी वस्तू, प्रार्थना, आठवण, दोन शब्द. अर्पण काय व कसे आहे यावरून कोणत्या कौशल्याची आणि किती कठीण चाचणी द्यावी लागेल ते संचालक ठरवतो. सर्वांचे झाल्यावर संचालक वीस बाजूंचा एकच फासा टाकतो, त्यात काहीही न मिळवता. गाठावयाचा लक्ष्यांक मुळात १० असतो. प्रत्येक यशस्वी अर्पणाने तो ३ ने उतरतो, प्रत्येक फसलेल्या अर्पणाने १ ने चढतो. याशिवाय ते पात्र पूर्वी जितक्या वेळा परत आले असेल तितक्याने मूळ लक्ष्यांक वाढलेला असतो. फासा फसला तर आत्मा दुरावतो, आणि एखाद्या अतिप्रबळ जादूवाचून तो परत येत नाही.

या अंकगणिताचे वाचन काव्यशास्त्रीय दृष्टीने करण्यासारखे आहे. कोणीच काही बोलले नाही तर पहिल्या मृत्यूनंतर परतण्याची शक्यता शंभरात ५५ आहे. तिघांचेही अर्पण स्वीकारले गेले तर लक्ष्यांक १ वर येतो आणि परतणे निश्चित होते. तिघेही फसले तरी ती ४० च्या खाली जात नाही. म्हणजे बोलण्यात धोका आहे, पण मौनाहून बोलणे श्रेयस्कर ठरावे अशी नियमाची योजना आहे. आता पूर्वी पाच वेळा परत आलेले पात्र घ्या. त्याचा मूळ लक्ष्यांक १५ असेल. मौन राखल्यास शक्यता ३० आणि तिघांची अर्पणे सफल झाल्यासही ७५. प्रेम पुरेसे पडण्याचे दिवस हळूहळू सरतात. व्हान्सच्या प्रारूपात विसरणे हा नियम होता. येथे नियमालाच स्मृती आहे. तो प्रत्येक पुनरागमनाची नोंद ठेवतो आणि पुढच्या मृत्यूला अधिक जड करतो.

परंतु या नियमाचे खरे कार्य अंकांपलीकडचे आहे. अर्पणासाठी पुढे येणाऱ्या खेळाडूला काही तरी बोलावेच लागते, आणि ते बोलणे संक्षेपाने उरकता येत नाही. तीन विभागांपूर्वी जो विधी कथनकाळात शून्य झाला होता, तो येथे पुन्हा दृश्याइतका लांब होतो. मृत पात्राविषयी इतरांना काय वाटत होते हे कदाचित प्रथमच उच्चारले जाते. आपल्या पात्राच्या मृत्यूमुळे गप्प झालेला खेळाडू शेजारीच बसून ते ऐकत असतो. नियम विधीतील एक भांडे बदलतो, आणि त्या भांड्यातून सोबत्यांची कामना आत येते. गोदोहनाचा दृष्टान्त येथे अक्षरशः लागू पडतो. सोबत्यांना जे हवे आहे ते हवे आहे असे म्हणावे लागणे, हेच विधीचे अंग बनते.

मराठी वाचकाला येथे पिंडाला कावळा शिवण्याचा प्रसंग आठवल्याशिवाय राहणार नाही. दहाव्या दिवशी कावळा पिंडाजवळ येत नाही. मग आप्तेष्ट एकेक करून पुढे होतात, मृताचे काय राहून गेले असेल याचा अंदाज घेतात, मुलांना सांभाळू, कर्ज फेडू, असे मोठ्याने कबूल करतात. निर्णय कावळ्याच्या स्वाधीन असतो, पण त्या निर्णयाच्या निमित्ताने जिवंतांनी जिवंतांसमोर वचने दिलेली असतात. मर्सर यांच्या नियमाचा या आचाराशी ऐतिहासिक संबंध आहे, असे मुळीच सुचवायचे नाही. रचनेतील साम्य मात्र बोधक आहे, आणि त्यातील भेदही. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावण्याची सोय आपल्या आचारात आहे. शोकाला कोठे तरी थांबू देणारी ती करुणा आहे. खेळाच्या नियमात असा दर्भाचा कावळा नाही. फासा फसला की फसला. खेळातील मृत्यू कल्पित असल्यामुळेच त्याला हा कठोरपणा परवडतो.

६

या नियमाची बाजू मांडताना त्यावरील आक्षेपांची दखल घेणे आवश्यक आहे. ते किरकोळ नाहीत.

पहिला आक्षेप वक्तृत्वाचा. ‘क्रिटिकल रोल’मधील सहभागी व्यावसायिक आवाज-कलावंत आहेत. भावनेला शब्द देणे हा त्यांचा व्यवसाय आहे. हाच नियम एखाद्या सामान्य घरातील टेबलावर नेला, तर जो बोलका तो अधिक प्रेमळ, असा निष्कर्ष नियमच काढू लागेल. लाजाळू खेळाडूचे पात्र मित्राला वाचवू शकणार नाही. शस्त्रबळाच्या बाबतीत खेळ व्यक्तीचे दौर्बल्य पात्राच्या आड झाकतो. दुबळा माणूसही महावीराची भूमिका करू शकतो. वाणीच्या बाबतीत हा नियम ते पांघरूण काढून घेतो. व्यक्तीला गुंतवणाऱ्या नियमाची ही किंमत आहे.

दुसरा आक्षेप संचालकाच्या अधिकाराचा. अर्पणाला कोणती चाचणी लावायची हे तो ठरवतो, म्हणजे कोणाचा शोक किती अस्सल आहे याचा तो परीक्षक होतो. समीक्षकाला ही भूमिका परिचयाची वाटेल आणि म्हणूनच अस्वस्थ करील. तिसरा आक्षेप यातूनच निघतो : शोकोद्गाराला लक्ष्यांकातील तीन गुणांचे मोल मिळाले, की तो उद्गार हेतुपूर्वक केला जाण्याची शक्यता निर्माण होते. अश्रूंना भाव आला की अश्रू बाजारात येतात. ज्या हिशेबी वृत्तीपासून विधीला सोडवायचे होते, तीच मागल्या दाराने परत आली.

हे आक्षेप मान्य केले तरी त्यांतून नियम त्याज्य ठरत नाही. त्याच्या स्थलकालाची मर्यादा तेवढी ठरते. छापील नियम सर्वांसाठी असल्यामुळे त्याने व्यक्तीला हात घालणे धोक्याचे आहे. गृहनियम मात्र अशा माणसांत केला जातो जी एकमेकांना ओळखतात. कोण बोलका, कोण अबोल, कोणाला नुकताच खराखुरा वियोग झाला आहे, हे तेथे ठाऊक असते. त्या ठिकाणी संचालक अबोल खेळाडूला नुसती एक वस्तू पुढे ठेवू देऊ शकतो, आणि कोणासाठी तो नियम त्या दिवशी बाजूलाही ठेवू शकतो. आपल्याकडील कुळाचारात हे शहाणपण दिसते : शास्त्र सर्वांना एक सांगते, आणि कुळ आपल्या घरातल्या माणसांकडे पाहून त्याला वळण देते. फरक असा, की कुळाचाराला पूर्वजांचे प्रामाण्य असते. गृहनियमाला केवळ उपस्थितांची संमती. म्हणून मर्सर यांचा नियम २०१७ मध्ये छापला गेला, तेव्हा त्याने एक पायरी ओलांडली. ज्या गटात तो जन्मला तेथील ओळख त्याच्याबरोबर छापली जाऊ शकली नाही. दुसऱ्या गटाने तो पुस्तकातून उचलला की तो पुन्हा क्रत्वर्थ होण्याचा धोका संभवतो : तीन अर्पणे, तीन चाचण्या, एक फासा.

७

या विवेचनातून यातुविधीच्या गृहनियमासाठी एक निकष हाती येतो. विधी किती काळ चालतो, त्याला किती द्रव्य लागते, तो किती वेळा फसू शकतो, हे प्रश्न दुय्यम आहेत. या नियमामुळे टेबलाभोवतीच्या कोणाला असे काही म्हणावे लागले काय, जे एरवी म्हटले गेले नसते, हा पहिला प्रश्न. आणि ते म्हणण्यास तो आपखुशीने बांधला गेला होता काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर नियम क्रत्वर्थ आहे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर नियम जुलमी आहे.

साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने यात एक व्यापक मुद्दा गुंतलेला आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यापासून वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो, असे व्होल्फगांग इझर यांनी सांगितले. भूमिकाखेळ हा या सिद्धान्तांचा मूर्तिमंत दाखला म्हणून सहज मिरवता येईल : येथे लेखक खरोखरच गैरहजर आहे आणि वाचक खरोखरच कथा रचतो. परंतु गृहनियमाचा अभ्यास वेगळेच काही दाखवतो. लेखकाच्या बंधनातून सुटलेला वाचकगट पहिली गोष्ट करतो ती नवे बंधन घालून घेण्याची. अमर्याद कल्पनेच्या जगात, जेथे मेलेले माणूस हिरा दिला की उठून बसते, तेथे काही माणसे एकत्र येऊन ठरवतात की हे इतके सोपे असू नये. हे ठरवायला त्यांना कोणी भाग पाडलेले नसते.

वाचकाच्या स्वातंत्र्याचा सिद्धान्त हा बहुतांशी एकट्या वाचकाचा सिद्धान्त राहिला आहे. एकटा वाचक स्वतःला बांधून घेऊ शकत नाही; त्याने घातलेले बंधन तो केव्हाही सोडू शकतो. बंधनाला बंधनपण येण्यासाठी दुसरा माणूस समोर असावा लागतो. वाचनाकडे आचार म्हणून पाहावयाचे असेल, तर अर्थनिर्मितीच्या प्रश्नाबरोबरच वाचक एकमेकांसमोर कशाला बांधले जातात याचाही विचार समीक्षेला करावा लागेल. त्यासाठी लागणारी परिभाषा मीमांसेने फार पूर्वी घडवून ठेवली आहे. ती यज्ञाबाहेर, एखाद्या कल्पित मृत्यूपाशीही उपयोगी पडते, एवढेच येथे दाखवायचे होते.